आल्प्समध्ये पहिल्यांदाच चालायला निघताय? मग सुरुवात इथून करा

स्वित्झर्लंडला जाऊन आलेल्या बऱ्याच मराठी मंडळींनी आल्प्स पाहिलेला असतो तो बसच्या खिडकीतून, नाहीतर युंगफ्राउयोखच्या गच्चीवरून. तिथल्या वाटेवर तास-दोन तास चाललेले मात्र कमीच भेटतात. का चालला नाहीत म्हणून विचारलं, तर "ते गिर्यारोहकांचं काम" हे उत्तर ठरलेलं. आतकरवाडीतून सिंहगड दीड-दोन तासांत रमतगमत चढणाऱ्या माणसाला या लेखातल्या जवळजवळ सगळ्या वाटा झेपतात. सगळ्यात सोप्या वाटेला तर तेवढ्या तयारीचीही गरज नाही.

याचं कारण साधं आहे. तिथे चढाचा मोठा भाग केबल कार आणि दातेरी रुळांवरची रेल्वे करून देते. तुम्ही दोन हजार मीटरवर उतरता आणि तिथून चालायला लागता. त्यामुळे वाट निवडताना "किती उंच?" हा आपला नेहमीचा प्रश्न फारसा उपयोगी पडत नाही. उतार किती आहे आणि खाली येणारी शेवटची गाडी किती वाजता आहे, हे दोन प्रश्न आधी विचारा.

आल्प्स आठ देशांत पसरलेला आहे. नवख्या माणसाने त्यातली एकच दरी धरावी. मी इथे स्वित्झर्लंडच्या बर्नर ओबरलांड या डोंगराळ भागातला ग्रिंडेलवाल्ड आणि लाउटरब्रुनेनचा परिसर घेतलाय. सोय, खुणा आणि देखावा यांचा इतका चांगला मेळ दुसरीकडे क्वचितच सापडतो. महाग आहे, हे मात्र आधीच सांगून टाकतो.

मुक्काम एकाच ठिकाणी

रोज हॉटेल बदलणाऱ्या सहलीत डोंगरात चालणं जमत नाही. हवा बिघडली की बेत एक दिवस पुढे ढकलता आला पाहिजे, त्यासाठी किमान तीन-चार रात्री एकाच गावात काढा. ग्रिंडेलवाल्ड (१,०३४ मीटर) आणि लाउटरब्रुनेन (सुमारे ८०० मीटर) ही दोन्ही गावं रेल्वेवर आहेत. वेंगेन आणि म्युरेनमध्ये मोटारींना बंदी आहे, तिथे शांतता जास्त. म्युरेन १,६३८ मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा जेमतेम आठ मीटर खाली, आणि तिथे शाळा, दुकानं, हॉटेलं सगळं आहे.

इंटरलाकेन ओस्टहून येणारी गाडी त्स्वायल्युट्शिनेन स्थानकावर दुभंगते. अर्धे डबे ग्रिंडेलवाल्डला जातात, अर्धे लाउटरब्रुनेनला. चढण्याआधी डब्यावरची पाटी वाचा. सामान एका डब्यात आणि माणसं दुसऱ्यात, असं अजिबात करू नका.

मे महिन्याची अडचण

आपल्या शाळांना सुट्टी मे महिन्यात असते आणि आल्प्समधल्या उंच वाटा नेमक्या तेव्हा बर्फाखाली असतात. काही केबल कारही त्या दिवसांत देखभालीसाठी बंद ठेवतात. दोन हजार मीटरच्या आसपासच्या वाटांसाठी जूनचा शेवटचा आठवडा ते सप्टेंबर अखेर हा काळ धरा. उत्तरेकडच्या उतारांवर जुलैच्या सुरुवातीलाही बर्फाचे पट्टे राहतात. माझी पसंती सप्टेंबरला. गर्दी ओसरलेली असते, हवा स्वच्छ असते आणि दुपारची वादळंही कमी होतात.

मे महिन्यातच जावं लागणार असेल तर वर चढायचा हट्ट सोडा आणि दरीच्या तळातून चाला. लाउटरब्रुनेन ते श्टेखेलबेर्ग ही सपाट वाट सहा-सात किलोमीटरची आहे. निवांत चाललं तर दोन तास. दोन्ही बाजूंना उभे कडे आणि त्यांवरून कोसळणारे धबधबे. पैकी गावालगतचा श्टाउबबाख जवळपास तीनशे मीटर उंच आहे. बर्फ वितळत असल्यामुळे मे-जूनमध्ये हे धबधबे ऐन भरात असतात, म्हणजे मे महिन्यात गेलेल्यांचं अगदीच नुकसान नाही.

पिवळी पाटी कशी वाचायची

स्वित्झर्लंडमध्ये ६५,००० किलोमीटरहून जास्त पायवाटा अधिकृतपणे राखलेल्या आहेत. १९७९ साली तिथल्या मतदारांनी पायवाटांची तरतूद थेट राज्यघटनेत घालून घेतली. त्याचं फळ प्रत्येक फाट्यावर दिसतं: एक खांब, त्यावर पांढऱ्या पट्टीत तुम्ही उभे आहात त्या जागेचं नाव आणि उंची, आणि त्याखाली बाणासारख्या टोकाच्या पिवळ्या पाट्या.

पाटीचं टोक नीट पाहा. नुसतं पिवळं असेल तर ती साधी वाट, बरे बूट असले की कोणीही चालावं. टोकावर पांढरा-लाल-पांढरा पट्टा असेल तर ती डोंगरवाट. इथे चढ-उतार आहे, कुठे घसारा लागेल, कुठे एका बाजूला दरी असेल, त्यामुळे चांगली पकड असलेले बूट आणि थोडी सवय हवी. पाटी निळी आणि पट्टा पांढरा-निळा-पांढरा असेल तर परत फिरा. ती अल्पाइन वाट असते, तिथे कातळटप्पे आणि बर्फ लागू शकतो. हेच रंग पुढे झाडांवर आणि दगडांवर रंगवलेले सापडतात. बराच वेळ रंग दिसला नाही, तर शेवटची खूण जिथे दिसली होती तिथपर्यंत मागे या.

आता पाटीवरच्या वेळेबद्दल. ती निव्वळ चालण्याची वेळ आहे. सपाटीवर ताशी ४.२ किलोमीटर हा वेग धरून ती काढतात. फोटो, पाणी, मुलांची बुटाची नाडी, आजोबांचा श्वास यांतलं काहीच तिच्यात धरलेलं नसतं. आपल्या कुटुंबासोबत असाल तर त्या आकड्याची दीडपट करा आणि वर अर्धा तास ठेवा. पाटीवर दोन तास असेल तर साडेतीन तास धरूनच परतीची गाडी बघा.

पहिली चाल: मेनलिखेन ते क्लाइने शायडेक

पहिल्या दिवशी हीच वाट घ्या. वेंगेनहून केबल कारने किंवा ग्रिंडेलवाल्ड टर्मिनलहून गोंडोलाने मेनलिखेनला पोहोचायचं, उंची साधारण २,२२५ मीटर. तिथून क्लाइने शायडेक (२,०६१ मीटर) साडेचार किलोमीटरवर आहे. पाटीवर साधारण दीड तास आणि उतार पावणेदोनशे मीटरच्या आत, तोही इतका हळूहळू की गुडघ्यांना जाणवत नाही.

केबल कारमधून बाहेर पडलात की लगेच चालू पडू नका. तुम्ही एका धारेवर उभे आहात. पश्चिमेला पायाखाली सरळ लाउटरब्रुनेनची दरी, तिच्या पलीकडच्या कड्यावर म्युरेन. पूर्वेला ग्रिंडेलवाल्डचं हिरवं खोरं आणि त्याच्या टोकाला वेटरहॉर्न. अंगात जोर असेल तर मागच्या बाजूला मेनलिखेनचा माथा (२,३४० मीटरच्या आसपास) वीस-पंचवीस मिनिटांत गाठता येतो. पहिला दमदार चढ म्हणून तो चांगला आहे. नसला केला तरी फार काही बुडत नाही.

मुख्य वाट रुंद आणि खडीची. कुठेही हात टेकायची वेळ येत नाही, बाबागाडीही जाते. ती ग्रिंडेलवाल्डच्या अंगाने डोंगराला बिलगून आडवी जाते. सुरुवातीपासून समोर तीन शिखरं ओळीने दिसतात: डावीकडून आयगर (३,९६७ मीटर), म्योंख (४,१०० मीटरहून थोडं जास्त) आणि युंगफ्राउ (४,१५८ मीटर). मग वाट वळणं घेते तशी शिखरं उतारांआड जातात, पुन्हा बाहेर येतात, आणि दर वेळी आयगर जास्त जवळ आलेला असतो. त्याची काळी उत्तर भिंत सुमारे १,८०० मीटरची आहे. १९३८ साली चौघांनी ती पहिल्यांदा सर केली, त्याआधी तिने अनेकांचे जीव घेतले होते. एखाद्या बाकावर बसून दुर्बिणीतून ती भिंत पाहा. मधूनच उन्हात चमकणारा बर्फाचा पट्टा दिसतो, त्यावरून तिच्या आकाराचा थोडा अंदाज येतो.

क्लाइने शायडेकच्या जरा आधी एक उपाहारगृह लागतं, आणि मग स्थानक. तिथून वेंगेन किंवा ग्रिंडेलवाल्डला थेट गाडी आहे. म्हणजे परत फिरून तीच वाट तुडवायला नको. ही वाट उलट्या दिशेनेही करता येते, पण मग आयगर पाठीमागे राहतो. ती चूक कशाला करायची?

पाय मोकळे झाले की

दुसऱ्या दिवसासाठी फर्स्ट ते बाखआल्प सरोवर. ग्रिंडेलवाल्डहून गोंडोलाने फर्स्टला (२,१६६ मीटर) जा, तिथून तीन किलोमीटर, साधारण तासाभराची वाट. चढ सुरुवातीलाच आहे आणि थोडाच. सरोवर २,२६५ मीटरवर आहे. त्यात श्रेकहॉर्न आणि फिन्स्टरआरहॉर्न यांचं प्रतिबिंब पडतं, पण वारा नसेल तरच, म्हणून पहिल्या गोंडोलाने जा. दहानंतर तिथे रांगा असतात आणि पाणीही हलायला लागलेलं असतं. फर्स्टजवळ कड्याला लावलेला लोखंडी पूल आहे, त्यासाठी थांबायचं असेल तर परतताना थांबा.

ग्रूट्शाल्प ते म्युरेन ही वाट ज्यांच्याकडे स्विस ट्रॅव्हल पास आहे त्यांनी चुकवू नये. हा पास वेंगेन, ग्रिंडेलवाल्ड आणि म्युरेनपर्यंत चालतो. त्याच्या वर मेनलिखेन, फर्स्ट किंवा युंगफ्राउयोखसाठी फक्त सवलत मिळते. "पास आहे, म्हणजे सगळं फुकट" या समजुतीने खिडकीवर गेलेल्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. लाउटरब्रुनेनहून केबल कारने ग्रूट्शाल्पला चढा आणि तिथून रेल्वेच्या सोबतीने साडेचार किलोमीटर चाला. चढ दीडशे मीटरच्या आसपास. दरीपलीकडे तीच तीन शिखरं, पण आता समोरासमोर. मध्ये विंटरेगला गाडी थांबते, दमलेल्या माणसाला तिथे बसवून देता येतं. म्युरेनहून केबल कारने श्टेखेलबेर्गला उतरा, बसने लाउटरब्रुनेन. पूर्ण फेरी होते.

आयगर ट्रेल त्याच्या पुढची. आयगरग्लेत्शर (२,३२० मीटर) ते आल्पिग्लेन (१,६१६ मीटर), सहा किलोमीटर, थेट त्या उत्तर भिंतीच्या पायथ्याशी. इथे टोकावर पांढरा-लाल-पांढरा पट्टा आहे. सातशे मीटर उतार हा गुडघ्यांचा खरा कस आहे. आपल्याकडे चढाला घाबरायची सवय असते, पण आल्प्समध्ये दुसऱ्या दिवशी जिना उतरताना रडवतो तो उतार. चालायच्या दोन काठ्या घ्या, त्या गावातल्या क्रीडा दुकानांत भाड्याने मिळतात. गुडघे कुरकुरत असतील तर आल्पिग्लेनहून वर चढा आणि खाली केबल कारने या. दम लागेल, सांधे वाचतील. कुठे बर्फाचा पट्टा आडवा आला आणि त्यावर पावलं उमटलेली नसतील, तर तिथूनच मागे वळा.

तिकीट सकाळी, तेही कॅमेरा बघून

डोंगरावरच्या जवळपास प्रत्येक स्थानकावर थेट चित्र दाखवणारा कॅमेरा असतो आणि ते चित्र फोनवर फुकट दिसतं. गावात ढग आणि वर लख्ख ऊन असं अनेकदा होतं, उलटंही होतं. म्हणून तिकीट आदल्या रात्री काढू नका. सकाळी उठल्यावर तीन गोष्टी बघा. कॅमेऱ्यात शिखर दिसतंय का, मेटिओस्विसच्या ॲपवर वादळाचा इशारा आहे का, आणि केबल कार व वाट चालू आहे का. 'फ्योन' नावाचा दक्षिणेकडून येणारा जोराचा वारा सुटला की आकाश निरभ्र असूनही केबल कार बंद ठेवतात. नकाशासाठी स्विसटोपोचं ॲप घ्या आणि तो भाग आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा.

जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर गडगडाट होतो. सह्याद्रीत आपण उन्हाच्या धाकाने पहाटे निघतो, इथे विजेच्या धाकाने निघायचं. दोन वाजायच्या आत चाल संपलेली बरी. अडकलातच तर धारेवरून खाली या, एकट्या झाडापासून आणि तारेच्या कुंपणापासून लांब राहा. वरच्या स्थानकावर पोहोचल्याबरोबर शेवटच्या फेरीची वेळ लिहिलेल्या पाटीचा फोटो काढा. "लेट्स्टे टालफार्ट" असं तिथे लिहिलेलं असतं. शरद ऋतूत ही वेळ बरीच अलीकडे येते.

पाठीवर

वीस लिटरची सॅक पुरते. जीन्स आणि सुती टीशर्ट हॉटेलवर ठेवा, ओले झाले की वाळत नाहीत आणि वाऱ्यात अंग गारठवतात. लवकर वाळणारे कपडे, एक लोकरी किंवा फ्लीसचा थर आणि टोपीचं रेनकोट-जॅकेट. आपला पोंचो तिथल्या वाऱ्यात तोंडावर उडतो. हवा गार असल्यामुळे ऊन लागत नाही असं वाटतं, आणि संध्याकाळी नाक सोलून निघतं. सनस्क्रीन, गॉगल, टोपी सोडू नका. माणशी दीड लिटर पाणी. गावातल्या हौदाच्या नळाचं पाणी पिण्याजोगं असतं. "काइन ट्रिंकवासर" अशी पाटी असेल तर नाही.

बूट नवे कोरे घालून जाऊ नका. इथेच महिनाभर टेकडीवर वापरा. पर्वती, हनुमान टेकडी, कान्हेरीच्या लेण्या, काहीही चालेल.

डब्याचं काय

वाटेवरच्या उपाहारगृहांत शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण विचारावं लागतं. रोश्टी म्हणजे किसलेल्या बटाट्याचं कुरकुरीत थालीपीठच, आणि त्यात बऱ्याचदा डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात. मागवताना "ओने श्पेक, ओने फ्लाइश" म्हणा. चीज घातलेली मॅकरोनी सफरचंदाच्या गोडसर चटणीसोबत देतात, तिच्याबाबतही हेच विचारा. सूप भाज्यांचं दिसलं तरी रस्सा मांसाचा असू शकतो.

बाकी डबा आपला. तिखटामिठाच्या पुऱ्या, चिक्की, खजूर, भडंग. पेढे, पनीर, तूप मात्र भारतातून नेऊ नका, तिथे दुधाच्या आणि मांसाच्या पदार्थांना प्रवाशांच्या सामानात बंदी आहे. गावातल्या कोऑपमध्ये ब्रेड, चीज, फळं, दही मिळतं. दुकानं संध्याकाळी लवकर बंद होतात, त्यामुळे खरेदी आदल्या दिवशीच करा. कचरा परत आणायचा, संत्र्याची सालंसुद्धा.

गाई, फाटकं आणि माणसं

उन्हाळ्यात वाट थेट कुरणांतून जाते आणि गळ्यात भल्यामोठ्या घंटा बांधलेल्या गाई आडव्या बसलेल्या असतात. वासरू सोबत असेल तर त्यांच्यापासून भरपूर लांबून जा, मध्ये शिरून सेल्फी नको. तिथल्या गाई माणसाळलेल्या वाटल्या तरी वासरासाठी अंगावर येतात. कुंपणाच्या तारेत वीज असते. फाटक उघडलंत तर मागे लावून घ्या.

समोरून येणाऱ्याला "ग्रुएसेख" म्हणायची तिथे पद्धत आहे. म्हणा, उत्तर हमखास येतं. आणि तो ब्लूटूथ स्पीकर हॉटेलातच राहू द्या.

अडचण आली तर

११२ हा आणीबाणीचा क्रमांक सगळ्या युरोपात चालतो. स्वित्झर्लंडमध्ये हेलिकॉप्टर बचावासाठी रेगा या संस्थेचा क्रमांक १४१४. फोनला रेंज नसेल तर शिट्टी किंवा विजेरीने मिनिटात सहा वेळा इशारा द्या, एक मिनिट थांबा, पुन्हा सहा वेळा. उत्तर म्हणून मिनिटात तीन इशारे येतात. हेलिकॉप्टर दिसलं आणि मदत हवी असेल तर दोन्ही हात वर करून उभे राहा. नुसता उत्साहाने एक हात हलवू नका, एक हात वर आणि एक खाली म्हणजे "मदत नको".

शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा विमा लागतोच. त्याची कागदपत्रं एकदा वाचून डोंगरातली पदभ्रमंती आणि हेलिकॉप्टरने केलेली सुटका त्यात धरली आहे का ते बघा. नसेल तर वेगळी भर घाला.

याच्या पुढच्या वाटा

वरच्या तीन-चार वाटा सहज झाल्या तर शीनिगे प्लाटे ते फर्स्ट हा पूर्ण दिवसाचा ट्रेक आहे. विल्डर्सविलहून १८९३ सालच्या दातेरी रेल्वेने वर जायचं आणि मग सुमारे सोळा किलोमीटर, पाटीच्या हिशेबाने सहा तास. मध्ये फाउलहॉर्न (२,६८१ मीटर). हा मात्र सिंहगडच्या हिशेबात बसत नाही, दिवसभर चालायची सवय हवी. पहिल्या गाडीनेच निघा. मेंडलेनेनची झोपडी दुपारी बाराच्या आत आली नाही तर मागे फिरा, कारण फर्स्टची शेवटची गोंडोला चुकली तर ग्रिंडेलवाल्डपर्यंत आणखी अकराशे मीटर उतरावं लागतं.

दुसऱ्या खोऱ्यांत जायचं असेल तर झेरमाटची पाच सरोवरांची वाट घ्या: ब्लाउहेर्ड ते सुनेगा, नऊ-दहा किलोमीटर. पाचपैकी तीन सरोवरांत मॅटरहॉर्न शिखराचं प्रतिबिंब पडतं. इटलीतल्या डोलोमाइट्समध्ये त्रे चिमे या तीन सुळक्यांची प्रदक्षिणा, औरोन्झो विश्रामगृहापासून दहा किलोमीटर. तिथवर जाणारा रस्ता टोलचा आहे आणि हंगामात गाडी न्यायची तर आगाऊ नोंदणी करावी लागते. फ्रान्समध्ये शामोनीचं लाक ब्लां हे सरोवर (२,३५२ मीटर). तिथे ला फ्लेजेरच्या केबल कारने जाऊन पावणेपाचशे मीटर चढा. नकाशावर त्रे-ल-शांपकडून येणारी दुसरी वाट सुटसुटीत दिसते, पण तिच्यावर कड्याला ठोकलेल्या लोखंडी शिड्या आहेत.